‘वय झालं की असं व्हायचंच!’

आमच्या धंद्यात बग बंद करायच्या बऱ्याच पद्धती आहेत. खरोखर दुरुस्त करणं ही त्यातली एक, आणि सगळ्यात कष्टाची. सगळ्यात सोपी म्हणजे ‘वर्किंग ॲज डिझाइन्ड’ असा शेरा मारून मोकळं होणं. म्हणजे काय, तर साहेब, हा बग नाहीच, हे असंच चालायचं. टेस्टर बिचारा कपाळावर हात मारून घेतो, पण यादीतला एक आकडा कमी होतो आणि शुक्रवारी संध्याकाळी सगळे वेळेवर घरी जातात.

म्हाताऱ्या माणसांच्या डिप्रेशनवर आपण सगळ्यांनी मिळून हाच शेरा मारलेला आहे. ‘वय झालं की असं व्हायचंच.’ जेवत नाहीत? वय झालं. रात्र-रात्र जागतात? वय झालं. कुणाशी बोलत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून असतात? आता ह्या वयात अजून काय करणार! आणि ते माणूस वृद्धाश्रमात असेल तर मग विचारायलाच नको. तिथे उदास असणं म्हणजे जणू प्रवेशाच्या फॉर्ममधलीच एक अट.

आज ह्या शेऱ्याबद्दलच लिहायचं आहे. मी डॉक्टर नाही, तेव्हा इथे औषधांची नावं आणि डोस शोधू नका. पण आपल्यातले निम्मे लोक पुण्यात, बंगलोरला किंवा न्यू जर्सीत बसून आई-बापांच्या ‘सोयी’बद्दल फोनवर निर्णय घेत असतात (किंवा येत्या दहा वर्षांत घेणार आहेत). त्यामुळे विषय आपलाच आहे.

आधी एक आकडा. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये देशभर एक मोठी पाहणी केली. ‘लासी’ म्हणतात तिला. पंचेचाळीस आणि त्यापुढच्या वयाची ७२ हजारांवर माणसं त्यात होती. त्यातल्या साठीच्या पुढच्या लोकांना ठरलेल्या पद्धतीनं प्रश्न विचारले, तेव्हा ८.३ टक्के लोकांमध्ये डिप्रेशनची ठळक लक्षणं दिसली. आणि ‘डॉक्टरनं मला डिप्रेशन असल्याचं सांगितलंय’ असं म्हणणारे किती? ०.८ टक्के. म्हणजे दहा पटींचा फरक! ढोबळमानानं दहातल्या नऊ जणांना आपल्याला काय झालंय हे कुणी सांगितलेलंच नाही. ही झाली घराघरांतली माणसं. वृद्धाश्रमांतल्या माणसांवर आपल्याकडे जे छोटे-मोठे अभ्यास झालेत, त्यात हे प्रमाण घरच्यापेक्षा जास्तच निघतं.

आता आमच्या सांगलीबद्दल. बाहेरच्यांना सांगली म्हणजे हळद, गणपती आणि भडंग. पण हा जिल्हा माणसं बाहेर पाठवणारा जिल्हाही आहे. आमच्यासारखे संगणकवाले तर गेल्या पंचवीस-तीस वर्षांतले. त्याच्या कितीतरी आधीपासून विटा-खानापूर-आटपाडीकडची माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी भारतभर पसरली. देशातल्या कुठल्याही मोठ्या शहराच्या सराफ बाजारात जा, मराठी बोलणारा गलाईवाला भेटायची शक्यता दांडगी. पैसा गावाकडे आला, बंगले झाले, आणि बंगल्यांत राहिले म्हातारा-म्हातारी. त्यातलं एक गेलं की दुसऱ्याचं काय, हा प्रश्न तिथे फार जुना आहे.

वृद्धाश्रम हेही काही कालचं अमेरिकन खूळ नव्हे. पुण्यातला नवी पेठेतला ‘निवारा’ १८६३ पासून आहे, डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभा राहिलेला. पण तेव्हा तिथे जायचं ते ज्याला कुणीच नाही त्यानं. आता सगळे असलेलेही जातात, आणि त्यात सरसकट काही गैर आहे असं मला वाटत नाही. एकट्या बंगल्यात पडून राहण्यापेक्षा चार माणसांत, वेळेवर जेवण आणि रात्री हाकेला कुणीतरी, हे अनेकांसाठी खरोखर बरं असतं. आपल्या भागात असे आश्रम चालवणारी बहुतेक मंडळी देणग्यांवर, थोड्या माणसांत, मनापासून काम करतात. त्यांना झोडपायला हा लेख नाही.

पण आश्रमात काय मोजलं जातं ते बघा. आठवड्यातून एकदा डॉक्टर येतात. बीपी मोजतात, शुगर बघतात, गोळ्यांचा डबा तपासतात. वजन टिपलं जातं. मन मोजलं जात नाही, कारण ते मोजता येतं हेच कुणाला ठाऊक नसतं. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरचा सीपीयू आणि मेमरी दिसते, पण ॲप्लिकेशनचा लॉगच बंद आहे. आणि लॉगमध्ये एरर दिसत नाही म्हणून सगळं आलबेल आहे असं आपण समजतो.

माझ्या नात्यातल्या एका काकूंचं उदाहरण देतो. त्यांचं किंवा त्या आश्रमाचं नाव सांगत नाही, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशीलही बदललेत. काकू निवृत्त शिक्षिका. पस्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवलेला, त्यामुळे आवाज खणखणीत. काका गेल्यावर त्यांनी स्वतःहून आश्रमात जायचं ठरवलं. पहिलं वर्ष झकास गेलं. मग हळूहळू त्या हॉलमध्ये यायच्या बंद झाल्या. कारण विचारलं तर ‘गुडघे दुखतात’. पेपरातलं शब्दकोडं तसंच पडून राहायला लागलं. जेवण अर्धं झालं. आश्रमाच्या वहीत त्यांच्या नावापुढे महिनोन्महिने एकच नोंद : ‘शांत आहेत. तक्रार नाही.’

इथेच सगळी मेख आहे. पन्नास माणसांचा आश्रम चार-पाच माणसं चालवत असली, की तक्रार न करणारं माणूस हे आदर्श माणूस ठरतं. जो ओरडतो, भांडतो, रात्री दार वाजवतो त्याच्याकडे लक्ष जातं. जो गप्प पडून असतो तो ‘गुणी’. डिप्रेशन झालेलं म्हातारं माणूस बहुधा ह्या दुसऱ्या रांगेत असतं.

काकूंचं वजन उतरलं तेव्हा टॉनिक सुरू झालं. झोप येईना तेव्हा झोपेची गोळी आली. हे आठेक महिने चाललं. शेवटी काकूंच्या मुलीला ज्यांनी सांगितलं त्या होत्या खोली झाडणाऱ्या मावशी. त्या म्हणाल्या, “ताई, बाईंचं काय तरी बिनसलंय बगा. पयल्यांदा मला रोज रागवायच्या, कोपऱ्यात कचरा राह्यला म्हनून. आता रागवतच न्हाईत.”

डिप्रेशनचं इतकं अचूक निदान मी तरी दुसरं ऐकलेलं नाही.

मुलीनं मग मिरजेला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी आधी रक्त तपासलं. थायरॉईड कमी निघाला (म्हातारपणी थायरॉईड किंवा बी-१२ कमी झालं तरी माणूस असंच मलूल होतं, म्हणून हे आधी बघावं लागतं). कान तपासायला सांगितले. ऐकू कमी येत होतं, म्हणून हॉलमध्ये चारचौघांत बसायची लाज वाटत होती. ते गुडघेदुखीचं निम्मं कारण! झोपेची गोळी हळूहळू बंद केली. डिप्रेशनवरचं औषध अगदी कमी मात्रेत सुरू केलं. आणि दर पंधरा दिवसांनी भेटायला बोलावलं. दोन-अडीच महिन्यांनी काकूंनी मुलीला फोन करून पहिली तक्रार केली : “आमटीत गूळ घालतात गं इथे. सांगून सांगून दमले.” मुलगी म्हणे फोन ठेवून रडली.

काकू काही आनंदीआनंद झाल्या नाहीत. काका गेल्याचं दुःख आहेच, गुडघेही दुखतातच. पण शब्दकोडं सुटायला लागलं आणि कोपऱ्यातला कचरा दिसायला लागला.

हे एवढं उशिरा का होतं? माझ्या मते दोन कारणं आहेत. पहिलं भाषेचं. आपल्याकडची म्हातारी माणसं ‘मी उदास आहे’ असं म्हणतच नाहीत. ‘नैराश्य’ हा शब्द तर पेपरातला. परीक्षेत नापास झालेल्या मुलाला येतं ते नैराश्य. आपले आजी-आजोबा म्हणतात, ‘करमत नाही’, ‘जीव लागत नाही कशात’, ‘छातीत धडधडतं’, ‘अंगात त्राणच नाही’, ‘अन्नावरची वासना गेली’. हे सगळं शरीराच्या भाषेत आहे, म्हणून उत्तरही शरीराचं मिळतं. धडधडीला ईसीजी, अशक्तपणाला सलाईन. ईसीजी नॉर्मल आला की ‘काही नाही हो, मनाचे खेळ’ म्हणून परत पाठवणी. अरे बाबांनो, मनाचे खेळ आहेत हे कळलं, तर मग मनाच्या डॉक्टरकडे का नाही पाठवत?

दुसरं कारण जास्त खोल आहे, आणि ते आमच्या सांगलीत बसून लिहिताना जरा जपूनच लिहायला हवं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ केलं ते इथे, त्यामुळे आम्ही नाट्यपंढरीवाले. आणि म्हाताऱ्या माणसांचं दुःख मराठी रंगभूमीनं जेवढं मांडलंय तेवढं क्वचितच कुणी मांडलं असेल. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ १९७० सालचं. जयवंत दळवींचं ‘संध्याछाया’ही त्याच दशकातलं. दोन्ही थोर नाटकं, वादच नाही. पण ती बघून आपण घरी काय घेऊन जातो? ‘मुलं कृतघ्न निघाली हो!’ किंवा ‘मुलं लांब गेली हो!’ म्हणजे म्हाताऱ्याचं दुःख ही एक नैतिक गोष्ट होते. त्यात कुणीतरी बळी, कुणीतरी अपराधी. आपण डोळे पुसतो, मुलांना शिव्या घालतो आणि नाट्यगृहाबाहेर वडापाव खातो.

नाटकात हे ठीक आहे. नाटकाचं कामच ते. पण वृद्धाश्रमात हीच गोष्ट सांगितली जाते तेव्हा उपचाराची वाट बंद होते. कारण दुःखाचं कारण मुलगा असेल तर औषधही मुलगाच. मुलगा काही येत नाही. मग आपण काय करणार? आश्रमवाले हळहळतात. मुलाला अपराधी वाटतं, म्हणून तो फोन टाळायला लागतो. आणि म्हातारी माणसंही मनाशी म्हणतात की हे माझे भोग. सगळ्यांकडे कारण आहे, फक्त डॉक्टरची अपॉइंटमेंट कुणी घेत नाही.

आता इथे तुम्ही म्हणाल (आणि माझा एक मित्र तावातावानं म्हणालाच), “अरे, पण परिस्थितीच तशी असेल तर? नवरा गेला, घर सुटलं, मुलं लांब. ह्यात आजार कुठला? हे दुःखच आहे, आणि दुःखावर गोळ्या देणं म्हणजे ढोंग आहे.”

मुद्दा बिनतोड वाटतो, पण दोन गोष्टींची गल्लत आहे त्यात. दुःख आणि डिप्रेशन एकच नव्हेत. दुःखात माणूस रडतं, पण नातवाचा फोन आला की खुलतं. डिप्रेशनमध्ये नातवाचा फोनही नकोसा होतो. दिवसचे दिवस, आठवडेच्या आठवडे कशातच रस उरत नाही, आणि आपण निरुपयोगी आहोत, ओझं आहोत, ह्याची खात्री पटत जाते. आणि दुसरं, परिस्थितीमुळे झालेला आजार हा आजारच असतो. खड्ड्यामुळे पाय मोडला तर खड्डा बुजवायला हवाच. पण तो बुजेपर्यंत प्लास्टर घालायचं नाही असं कुणी म्हणत नाही.

परिस्थिती बदलता येत नसली तरी उपचार होतो ह्याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे, गोव्यात. गोवा मेडिकल कॉलेजचे डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठीच्या पुढच्या १८१ माणसांवर एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१९ साली ‘जामा सायकियाट्री’ ह्या नियतकालिकात छापून आले. ही माणसं डिप्रेशनच्या उंबरठ्यावर होती, म्हणजे काही लक्षणं होती पण पूर्ण आजार नव्हता. निम्म्यांकडे प्रशिक्षण दिलेले साधे समुपदेशक गेले. डॉक्टर नव्हेत, मानसशास्त्रज्ञही नव्हेत, तिथलीच माणसं. त्यांनी काय केलं? अडचणी एकेक करून सुट्या करायला शिकवलं. झोपेची घडी बसवली. मधुमेहासारख्या दुखण्यांची काळजी कशी घ्यायची ते सांगितलं. आणि सरकारी योजनांचे लाभ मिळवायला मदत केली. वर्षभरानं मोजलं तेव्हा ह्या गटात मोठं डिप्रेशन झालेले ९१ पैकी ४ होते. नेहमीचीच देखभाल मिळालेल्या गटात ९० पैकी १३.

त्यातली ती शेवटची गोष्ट मला फार आवडली. योजनेचा अर्ज भरून देणं हा डिप्रेशनवरच्या उपचाराचा भाग! आपल्याकडे श्रावणबाळ योजनेचे पैसे का थांबले हे विचारायला तहसील कचेरीत चार खेटे घालणाऱ्या आजीला विचारा, पटेल तिला लगेच.

ही चाचणी घरी राहणाऱ्यांवर झालेली होती, आश्रमातल्यांवर नव्हे, आणि ती आजार टाळण्याची होती. पण ज्यांना डिप्रेशन आधीच झालेलं आहे त्यांच्याबद्दलही पुरावा आहे. अमेरिकेत साठीच्या पुढच्या १,८०१ रुग्णांवर ‘इम्पॅक्ट’ नावाची चाचणी झाली, २००२ साली प्रसिद्ध झाली. नेहमीच्या फॅमिली डॉक्टरच्या जोडीला एक माणूस फक्त पाठपुरावा करायला नेमला आणि मागे एक मानसोपचारतज्ज्ञ ठेवला. वर्षानं ४५ टक्के लोकांची लक्षणं निम्म्यानं किंवा जास्त कमी झाली. नेहमीच्या पद्धतीत हे प्रमाण १९ टक्के होतं. म्हणजे जादू औषधात नव्हती. ते दोन्हीकडे उपलब्ध होतं. फरक पडला तो ‘मागच्या वेळी दिलेल्याचा उपयोग झाला का?’ हे कुणीतरी नेमानं विचारण्यामुळे.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा लेख औषध कंपनीच्या माहितीपत्रकासारखा होईल. आश्रमवाल्यांना डिप्रेशनबद्दल विचारलं की ते हमखास सांगतात, “आमच्याकडे रोज योगासनं असतात, गुरुवारी भजन असतं, शाळेची मुलं येतात.” छानच आहे. चालू ठेवा. पण हा उपचार नव्हे. इंग्लंडमध्ये ७८ केअर होम्समधल्या ८९१ रहिवाशांवर ह्याची मोठी चाचणी झाली, २०१३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली पाऊण तास सामुदायिक व्यायाम. डिप्रेशनमध्ये फरक शून्य! कारण उघड आहे. सगळ्यांसाठी एकच कार्यक्रम ठेवला की ज्यांना त्याची सर्वात गरज आहे तेच खोलीत पडून राहतात. भजनाला येतात ते बरे असलेले.

उलट नुसती गोळीही पुरत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या डिप्रेशनवर दोन नेहमीची औषधं वापरून बघितली, तीही इंग्लंडमध्येच, ३२६ रुग्णांवर. २०११ साली निकाल आला. साखरेच्या गोळीपेक्षा जास्त उपयोग नाही. म्हणजे स्मृतिभ्रंश नसताना जे औषध कामी येतं तेच स्मृतिभ्रंशात येईल असं नाही. म्हणूनच कुणाला काय झालंय हे एकेका माणसाजवळ बसून ठरवावं लागतं. आणि झोपेच्या गोळ्यांबद्दल तर विशेष सांगतो. म्हाताऱ्या माणसाला त्या सहज दिल्या जातात. त्यानं तोल जातो, रात्री बाथरूमला जाताना माणूस पडतं, खुब्याचं हाड मोडतं, आणि मग जे अंथरुणाला खिळणं सुरू होतं त्यातून अनेक जण उठत नाहीत. (पण हे वाचून कुणाच्या गोळ्या परस्पर बंद करू नका. तेही धोक्याचं असतं. डॉक्टरांना विचारा.)

मग करायचं काय? गंमत अशी की सांगलीत सगळे सुटे भाग हजर आहेत. मिरजेत विल्यम वॉनलेस ह्या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ साली हॉस्पिटल उभं केलं तेव्हापासून हे डॉक्टरांचं गाव. कर्नाटकातूनही लोक उपचाराला येतात. मिरजेचं सरकारी मेडिकल कॉलेज १९६२ पासून आहे. सांगली-मिरज ह्या दहा-एक किलोमीटरच्या पट्ट्यात दोन मेडिकल कॉलेजं आहेत आणि खासगी मानसोपचारतज्ज्ञही आहेत. आश्रमही त्याच परिसरात. मधली वायर तेवढी कुणी जोडलेली नाही.

ती वायर फार महाग नाही. १९८०च्या दशकात स्टॅनफर्डच्या जेरोम येसावाज यांनी खास म्हाताऱ्या माणसांसाठी एक प्रश्नावली केली. मूळ तीस प्रश्नांची, पुढे पंधरा प्रश्नांची छोटी झाली. उत्तरं फक्त हो किंवा नाही. दहा मिनिटांचं काम. त्यात भूक आणि झोपेबद्दल प्रश्न मुद्दाम ठेवलेले नाहीत, कारण म्हातारपणी ती तशीही कमी होते. पाचाच्या वर गुण आले तर डॉक्टरकडे न्यायचं, इतकं साधं. हे निदान नव्हे, चाळणी आहे. (स्मृतिभ्रंश बराच वाढलेल्यांना ती चालत नाही. त्यांच्यासाठी सांभाळणाऱ्यालाच प्रश्न विचारायची वेगळी पद्धत आहे.) प्रवेशाच्या वेळी एकदा, मग दीड-दोन महिन्यांनी, मग दर सहा महिन्यांनी. बीपीच्या वहीत एक रकाना वाढवायचा.

दुसरं, त्या मावशींना विचारायचं. कुणाच्या ताटात भाकरी उरते, कोण चार दिवस केस विंचरत नाही, हे त्यांना सगळ्यात आधी कळतं. पण वहीत त्यांचा रकाना नसतो. गोव्यातले समुपदेशक जे करत होते त्यातलं थोडं प्रशिक्षण आश्रमातल्या एखाद्या मावशींना किंवा सिस्टरना देता येईल. मात्र त्यासाठी त्यांचा वेळ मोकळा करायला हवा, पगार वाढवायला हवा. आधीच बारा तास राबणाऱ्या बाईच्या डोक्यावर अजून एक काम टाकून ‘समुपदेशन सुरू केले’ असा फलक लावण्यात अर्थ नाही.

कायद्याकडूनही थोडी अपेक्षा आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यानं प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम काढायची तरतूद केली. हॉस्पिटलात वेगळी रांग ठेवायलाही सांगितलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. दोन्ही कायदे चांगले, पण एकमेकांशी बोलत नाहीत. आश्रमाची तपासणी करणारा अधिकारी संडास मोजतो, पंखे मोजतो. ‘इथल्या किती जणांची मानसिक आरोग्याची तपासणी झाली?’ हा प्रश्न त्याच्या फॉर्ममध्ये टाकायला हवा.

पण मंडळी, तोवर हातावर हात धरून बसायची गरज नाही. आई-वडिलांसाठी, काका-मावशीसाठी आश्रम बघायला गेलात तर आपण काय बघतो? खोली, संडास, जेवण, डिपॉझिट. ह्यात एवढे प्रश्न वाढवा :

१. मानसोपचारतज्ज्ञ किती दिवसांनी येतात? येत नसतील तर कुणाकडे नेता?

२. प्रवेशानंतर मनाची तपासणी करता का? कशी?

३. झोपेची गोळी कोण सुरू करतं, आणि ती बंद करायचं कोण बघतं?

४. कान आणि डोळे शेवटचे कधी तपासले?

५. इथे राहणाऱ्या माणसाला स्वतः काय काय ठरवता येतं? उठायची वेळ, खोलीतली वस्तू, जेवणातला एखादा पदार्थ?

पाचवा प्रश्न किरकोळ वाटेल, पण तो तसा नाही. ज्या माणसानं चाळीस वर्षं घर चालवलं, त्याला चहा कधी प्यायचा हेही ठरवता येत नसेल, तर ‘मी निरुपयोगी आहे’ ह्या विचाराला आपणच खतपाणी घालतो.

फोनवर ‘जेवलीस का? गोळ्या घेतल्यास का?’ एवढंच विचारून ठेवू नका. ‘आज काय केलंस? कुणाशी बोललीस? काय आवडलं?’ हे विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. सलग दोन आठवडे ‘काही नाही’ हेच उत्तर येत असेल तर तपासणी करून घ्या. ती करायची आहे ह्याचं बोलणं मात्र आईशी करा, परस्पर मॅनेजरशी नको. उपचार तिचा, संमतीही तिची.

आणि एक नाजूक गोष्ट. ‘आता देवानं न्यावं’ हे आपल्याकडे सगळीच म्हातारी माणसं म्हणतात. बऱ्याचदा ते नुसतं बोलणं असतं. पण त्या माणसानं जेवण सोडलं असेल, औषधं घेणं थांबवलं किंवा साठवायला सुरुवात केली असेल, वस्तू वाटून टाकायला लागलं असेल, तर ते नुसतं बोलणं नव्हे. अशा वेळी ‘असं अभद्र बोलू नये’ म्हणून गप्प करू नका. जवळ बसून सरळ विचारा, की जीव द्यावा असं वाटतं का? विचारल्यानं तो विचार डोक्यात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सरकारची ‘टेलिमानस’ ही फोनसेवा २०२२ पासून आहे, क्रमांक १४४१६. मराठीतूनही बोलता येतं. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन वेगळी, १४५६७.

शेवटी देणगीदारांसाठी. मुलाच्या वाढदिवसाला आश्रमात जेवण घालायची आपल्याकडे चांगली पद्धत आहे. श्रीखंड-पुरी होते, फोटो निघतात. त्याच दिवशी निम्म्या लोकांना शुगर असते ही गोष्ट वेगळी! पुढच्या वेळी मॅनेजरांना विचारून बघा, की जेवणाऐवजी मानसोपचारतज्ज्ञांच्या महिन्याच्या एका फेरीची फी दिली तर चालेल का? किंवा दोघा-तिघांची कानाची यंत्रं? ह्याचे फोटो चांगले येणार नाहीत हे खरं.

परवा हे सगळं टीममधल्या एका पोराला सांगत होतो. तो म्हणाला, “सर, एवढं करूनही त्यांचं वय तर कमी होणार नाही ना?” नाही होणार. गुडघेही नवे होणार नाहीत, गेलेली माणसंही परत येणार नाहीत. पण म्हणून उरलेली आठ-दहा वर्षं भिंतीकडे तोंड करून काढायला हवीत असं कुठल्याही डिझाइनमध्ये लिहिलेलं नाही.

असो. दिवाळीला गावाकडे जाल तेव्हा तुमच्या ओळखीचं जे कुणी आश्रमात असेल त्याला भेटून या. आणि निघताना खोली झाडणाऱ्या मावशींना विचारा, “ह्यांचं बरं चाललंय ना?” त्यांना माहीत असतं.